करावरचे कमिशन कोणाच्या खिशातून? इलिनॉयचा इंटरचेंज कायदा आणि छोट्या बँका

शिकागोतल्या एका रेस्टॉरंटचे बिल घेऊ. जेवण १०० डॉलर. शहराच्या बहुतेक भागात २०२५ साली रेस्टॉरंट-जेवणावरचा एकूण कर १०.७५ टक्के होता, म्हणजे १०.७५ डॉलर. गिऱ्हाईक खूश होऊन २० डॉलर टिप लिहितो. कार्डावर १३०.७५ डॉलर पडतात. इंटरचेंजचा, म्हणजे दुकानदाराच्या पैशातून कार्ड देणाऱ्या बँकेला जाणाऱ्या कमिशनचा, दर हिशेबापुरता १.८ टक्के अधिक १० सेंट धरला, तर कार्ड देणाऱ्या बँकेला २.४५ डॉलर मिळतात. यातला जवळपास ५५ सेंटचा भाग करावर आणि टिपेवर आहे. कराचे पैसे राज्याचे, टिपेचे वेटरचे, आणि त्यावरचे कमिशन मात्र रेस्टॉरंटवाल्याच्या खिशातून जाते. त्याची तक्रार एवढीच आहे आणि ती खोटी नाही.

या ५५ सेंटसाठी इलिनॉय राज्याने २०२४ साली जो कायदा केला, त्याला इंटरचेंज फी प्रोहिबिशन ॲक्ट म्हणतात. अमेरिकेत असा कायदा करणारे हे पहिले राज्य. इथे मे २०२४ ते जून २०२५ एवढाच काळ घेतला आहे (पुढे 'आता' किंवा 'हे वर्ष' येईल ते जून २०२५ च्या अखेरचे समजावे), कारण कायदा कसा जन्मला, बँका वॉशिंग्टनच्या दारात का गेल्या आणि न्यायालयाच्या आदेशातून नेमक्या छोट्या बँकाच बाहेर कशा राहिल्या, हे सगळे या काळात दिसते.

आधी एक खुलासा. कम्युनिटी बँक (अमेरिकेतली छोटी, स्थानिक बँक) म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला नागरी सहकारी बँक आठवेल. व्याप आणि गिऱ्हाईक पाहिले तर ते बरोबर आहे, मालकी पाहिली तर नाही. कम्युनिटी बँक ही बहुधा भागधारकांची कंपनी असते. सभासदांची, पतसंस्थेच्या जवळची संस्था म्हणजे क्रेडिट युनियन. सहकारी बँकांवरच्या दुहेरी नियंत्रणाची, एकीकडे सहकार निबंधक आणि दुसरीकडे रिझर्व्ह बँक, ज्याला सवय आहे त्याला पुढचा गुंता लवकर उमगेल. अमेरिकेत बँकेला सनद दोन ठिकाणांहून मिळू शकते: केंद्राच्या ओसीसी या नियामकाकडून (अशी बँक म्हणजे नॅशनल बँक), किंवा राज्याकडून. इलिनॉयच्या छोट्या बँकांपैकी पुष्कळ राज्य-सनदी आहेत. या प्रकरणात सगळे त्या सनदेच्या कागदावर येऊन ठरले.

सौदा कुठे झाला

कायदा स्वतंत्र विधेयक म्हणून आलाच नाही. एचबी ४९५१ या महसुली विधेयकात तो एक प्रकरण म्हणून बसवला गेला. इलिनॉयच्या राज्यघटनेनुसार ३१ मेनंतर मंजूर झालेल्या विधेयकाला लगेच अंमल हवा असेल तर तीन-पंचमांश बहुमत लागते. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, जे हाती येईल ते अर्थसंकल्पाच्या गाडीत भरले जाते. समितीसमोर सावकाश सुनावणी, बँकांच्या तंत्रज्ञांची साक्ष, यातले काही अशा वेळी होत नाही. ७ जून २०२४ रोजी गव्हर्नर प्रित्झकर यांनी सही केली.

सौदा असा होता. दुकानदार विक्रीकर गोळा करून राज्याला भरतो, त्या श्रमाबद्दल राज्य त्याला गोळा केलेल्या करातले १.७५ टक्के ठेवू देते. राज्याला पैशाची चणचण होती, म्हणून १ जानेवारी २०२५ पासून या सवलतीवर महिन्याला १,००० डॉलरची मर्यादा आली. दुकानदारांची संघटना बिथरू नये म्हणून बदल्यात त्यांना इंटरचेंजबंदी दिली गेली.

इथे जरा पेन्सिल घेऊन बसावे. १,००० डॉलर भागिले १.७५ टक्के म्हणजे महिन्याला ५७,१४३ डॉलर कर. राज्याचा मूळ दर ६.२५ टक्के धरला, तर ही मर्यादा लागायला महिन्याला सुमारे ९ लाख १४ हजार डॉलरची करपात्र विक्री हवी. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याची तेवढी विक्री नसते. सवलत गेली ती मोठ्या साखळी दुकानांची. राज्याने मोठ्या दुकानांकडून घेतले आणि त्याची भरपाई बँकांच्या खिशातून करून दिली. त्या बँकांत शिकागोच्या उंच इमारतीतली जशी आली, तशी मक्याच्या शेतांमधल्या गावची तीन शाखांची बँकही आली. केंद्राच्या २०१० च्या डर्बिन दुरुस्तीत डेबिट कार्डाच्या इंटरचेंजवर मर्यादा घालताना १० अब्ज डॉलरखालच्या बँका वगळल्या होत्या. ती दुरुस्ती आणणारे सिनेटर डिक डर्बिन इलिनॉयचेच. राज्याच्या कायद्यात तशी सूट ठेवलेली नाही.

कलमे काय म्हणतात

दुकानदाराने व्यवहार मंजूर होताना किंवा सेटलमेंटच्या, म्हणजे बँकांमध्ये पैसे वळते होण्याच्या, वेळी कर आणि टिपेची रक्कम आपल्या बँकेला कळवली, तर त्या रकमेवर कार्ड देणारी बँक, कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड), दुकानदाराची बँक किंवा मधे व्यवहार हाताळणारा प्रोसेसर यांपैकी कोणीही इंटरचेंज घ्यायचे नाही. त्याने तेव्हा कळवले नाही, तर व्यवहारापासून १८० दिवसांत तो कराची कागदपत्रे पाठवू शकतो. मग कार्ड देणाऱ्या बँकेने ३० दिवसांत तेवढे शुल्क परत जमा करायचे. दर वाढवून पळवाट काढायची नाही. उल्लंघनाला दर व्यवहारामागे १,००० डॉलर दंड, शिवाय शुल्काचा परतावा.

दुसरे एक कलम कमी चर्चेत आले, पण जास्त पसरते. दुकानदार सोडून साखळीतल्या इतर कोणीही व्यवहाराची माहिती तो व्यवहार पार पाडण्याखेरीज किंवा कायद्याने मागितल्याखेरीज वापरायची नाही. कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट, खर्चाचे वर्गीकरण दाखवणारे ॲप, फसवणूक ओळखणाऱ्या प्रणालीला जुन्या व्यवहारांवर शिकवणे, यातले काय 'व्यवहार पार पाडणे' आणि काय नाही? बँकेच्या वकिलाला विचारले तर तो आधी मोठा श्वास घेतो.

मशीनच्या आत काय अडते

ज्याने कधी पीओएसचा, म्हणजे दुकानातल्या कार्ड-मशीनचा, दिवसाचा बॅच बंद केला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही. आपल्या बिलात वेटर कार्ड घासतो तेव्हा ११०.७५ डॉलरची मंजुरी मागितली जाते. स्लिप येते, गिऱ्हाईक पेनाने टिप लिहितो, सही करून निघून जातो. रात्री कोणीतरी स्लिपांचा गठ्ठा घेऊन एकेक टिप मशीनवर चढवतो आणि बॅच पाठवतो. १३०.७५ ही रक्कम पहिल्यांदा तेव्हा बाहेर जाते, आणि जाते तीही एकच आकडा म्हणून. नेटवर्क त्या एका आकड्यावर, कार्डाचा प्रकार आणि दुकानाच्या धंद्याचा चार-अंकी कोड पाहून इंटरचेंज काढते. बँकांच्या संदेशाच्या जुन्या साच्यात, आयएसओ ८५८३ मध्ये, व्यवहाराच्या रकमेसाठी एक रकाना आहे. कराची वेगळी रक्कम पाठवायची सोय कंपन्यांच्या खरेदी-कार्डांसाठी आहे, जिला लेव्हल टू माहिती म्हणतात. पण घरगुती डेबिट कार्डाच्या रोजच्या व्यवहारात ती चालत नाही, आणि टिप वजा करून शुल्क काढणारे गणित तर कोणी मांडलेलेच नव्हते.

लोकांना वाटते बँक दुकानदाराला बिल पाठवते. तसे काही नसते. सेटलमेंटमध्ये कार्ड देणाऱ्या बँकेकडून १३०.७५ ऐवजी १२८.३० डॉलरच निघतात, एवढेच. छोट्या बँकेचा तर नेटवर्कशी थेट संबंधही क्वचित येतो. मधे फिसर्व्ह, जॅक हेन्री, एफआयएस यांसारखा प्रोसेसर असतो आणि बँकेला सकाळी एक निव्वळ आकडा दिसतो. त्या आकड्यात कर किती, टिप किती, हे तिला कळायला मार्ग नाही. ज्या गोष्टीबद्दल दंड होणार ती तिच्या डोळ्यांसमोरच येत नाही.

आणि हे झाले साधे बिल. गिऱ्हाइकाने निम्मे पैसे रोख आणि निम्मे कार्डाने दिले तर कराचा कोणता हिस्सा कार्डावर गेला? अर्धा माल परत आला तर? पेट्रोल पंपावर गॅलनमागे ४७ सेंटचा राज्याचा इंधनकर (जुलै २०२४ चा दर) भावातच मुरलेला असतो. पावतीवर तो वेगळा दिसेलच असे नाही. आठ माणसांच्या टेबलावर आपोआप लागणारा १८ टक्के सर्व्हिस चार्ज टिपेत धरायचा का? आणि ते १० सेंटचे ठरावीक शुल्क: ते संपूर्ण जेवणावर टाकायचे की कराच्या प्रमाणात कापायचे? प्रत्येक प्रश्नाला उत्तर काढता येते. पण साखळीतल्या चौघांनी तेच उत्तर काढले पाहिजे आणि एकाच दिवशी यंत्रात घातले पाहिजे.

हिशेब

एक नमुन्याची बँक धरू. आकडे गणितासाठी घेतले आहेत. चालू डेबिट कार्डे १२,०००. कार्डामागे महिन्याला २५ व्यवहार, सरासरी ४० डॉलर. महिन्याला ३ लाख व्यवहार, १ कोटी २० लाख डॉलरची उलाढाल. इंटरचेंज सरासरी १ टक्का धरले तर १ लाख २० हजार डॉलर. किराणा, औषध, वीजबिल यांवर कर कमी किंवा नाहीच, म्हणून उलाढालीत कर आणि टिप मिळून ६ टक्के धरू. बुडणारे उत्पन्न महिन्याला ७,२०० डॉलर, वर्षाला ८६,४००.

एवढ्याने बँक बुडत नाही, आणि बँकांच्या संघटनांनी प्रचारात तसे भासवायची गरज नव्हती. खरा धोका दंडाच्या कलमात आहे. तीन लाखांपैकी हजारात एक व्यवहार चुकला तर महिन्याला ३०० चुका आणि ३ लाख डॉलरचा संभाव्य दंड. वाचवायचे ७,२००, धोक्यात ३ लाख. एका ५५ सेंटच्या चुकीला १,००० डॉलर म्हणजे अशा अठराशे व्यवहारांचे शुल्क एका फटक्यात.

कागदी दाव्याचा रस्ता त्याहून विचित्र. दुकानदाराने १८० दिवसांच्या पावत्या पाठवल्या आणि बँकेच्या कर्मचाऱ्याला प्रत्येक पावती जुळवायला चार मिनिटे लागली, तर ताशी ३० डॉलर पगाराने एका पावतीला २ डॉलर खर्च. परत करायचे ५५ सेंट. त्यातही पावतीवर दुकानाचे नाव एक आणि कार्डाच्या नोंदीत मालक कंपनीचे नाव दुसरे असले, की चार मिनिटांची दहा होतात.

सनद पाहून संरक्षण

१५ ऑगस्ट २०२४ रोजी इलिनॉय बँकर्स असोसिएशन, अमेरिकन बँकर्स असोसिएशन, अमेरिकाज क्रेडिट युनियन्स आणि इलिनॉय क्रेडिट युनियन लीग यांनी शिकागोच्या फेडरल न्यायालयात राज्याचे ॲटर्नी जनरल क्वामे राऊल यांच्याविरुद्ध दावा लावला. न्यायाधीश व्हर्जिनिया केंडल. मुद्दा जुनाच: केंद्राने सनद दिलेल्या बँकेच्या अधिकारांत राज्याचा कायदा लक्षणीय अडथळा आणत असेल, तर तो तिला लागू होत नाही. ही कसोटी १९९६ च्या बार्नेट बँक खटल्यातली. २०१० च्या डॉड-फ्रँक या वित्तसुधारणा कायद्याने ती नॅशनल बँकांसाठी लिहून ठेवली आणि ३० मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कँटेरो खटल्यात सांगितले की ती ठोकळेबाजपणे नव्हे, तर प्रत्यक्ष अडथळा किती हे आधीच्या निकालांशी ताडून लावायची. म्हणजे इलिनॉयच्या कायद्यावर सही होण्याच्या आठ दिवस आधी.

ऑक्टोबरमध्ये ओसीसीने बँकांच्या बाजूने न्यायालयात लेखी म्हणणे दिले. वॉशिंग्टनमधल्या पाठपुराव्याचे हे सर्वांत मोठे फळ. नियामक स्वतः 'हा अडथळा आहे' म्हणतो तेव्हा न्यायाधीशाला यंत्रातला अडथळा स्वतः मोजत बसावे लागत नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी अंतरिम मनाई हुकूम आला: नॅशनल बँका आणि केंद्राच्या सनदेवर चालणाऱ्या बचत संस्था यांच्यावर हा कायदा चालवता येणार नाही. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी तो राज्याबाहेरच्या राज्य-सनदी बँकांपर्यंत वाढला, कारण आंतरराज्य शाखांविषयीच्या रीगल-नील कायद्याची १९९७ ची दुरुस्ती म्हणते की परराज्यातल्या बँकेच्या शाखेला यजमान राज्याचा कायदा तेवढाच लागू, जेवढा परराज्यातल्या नॅशनल बँकेच्या शाखेला. फेडरल क्रेडिट युनियनना आणि कार्ड नेटवर्कना मात्र संरक्षण मिळाले नाही.

आता मिसिसिपी नदीच्या काठावर उभे राहून पाहा. पलीकडे आयोवातले डॅव्हनपोर्ट, अलीकडे इलिनॉयचे रॉक आयलंड. आयोवाच्या सनदेवरची बँक पूल ओलांडून रॉक आयलंडला शाखा काढते: तिला संरक्षण. शेजारीच चेससारख्या नॅशनल बँकेची शाखा: तिला संरक्षण. त्याच रस्त्यावर शंभर वर्षे बसलेली इलिनॉयची सनद असलेली बँक: तिला नाही. रीगल-नीलची सोय बाहेरून आलेल्यांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही. बँकांपुरते पाहिले तर राज्याचा हात पूर्ण पोचतो तो फक्त त्याने स्वतः जन्माला घातलेल्या बँकांपर्यंत, आणि त्यात लहान बँकांचाच भरणा जास्त.

आदेशात चूक आहे असे नाही. हाती असलेल्या कायद्यांतून एवढेच निघते. पण बँकांच्या संघटनांनी पाठपुरावा करताना 'बँका' असा एकच शब्द वापरला, आणि ज्या हत्याराने लढले ते हत्यार सनद पाहून चालणारे होते. मोठ्या आणि छोट्या बँकांचे हित एक आहे असे दाव्याच्या पहिल्या पानावर दिसते. दिलासा कोणाला मिळाला ते पाहिले की दिसत नाही.

तांत्रिक बाजूनेही अर्धा मनाई हुकूम पूर्णापेक्षा अवघड. आता नेटवर्कला व्यवहारागणिक कार्डाचे पहिले आकडे पाहून ते देणाऱ्या बँकेची सनद ओळखायची, इलिनॉयची असेल, किंवा ती क्रेडिट युनियन असेल, तरच कर वगळायचा. दुकानदाराची बँक नॅशनल असेल तर ती कराची माहिती पुढे पाठवायला बांधील आहे का? ती नाही म्हणाली, तर इलिनॉयच्या बँकेकडे १८० दिवसांचा कागदी रस्ताच उरतो, म्हणजे सर्वांत महाग.

मुदतवाढ आणि तिचा उपयोग

कायदा १ जुलै २०२५ पासून लागू व्हायचा होता. मे २०२५ च्या अखेरीस विधिमंडळाने तो वर्षभर पुढे ढकलून १ जुलै २०२६ केला. न्यायालयात जे छोट्या बँकांना मिळाले नाही ते, तात्पुरते का होईना, स्प्रिंगफील्डला मिळाले. आमदाराला राष्ट्रीय बँक कायद्याचे कलम समजावून उपयोग नसतो. त्याच्या मतदारसंघातल्या बँकेचा ७,२०० आणि ३ लाख असा दोन ओळींचा हिशेब, आणि तिथल्याच रेस्टॉरंटवाल्याला नवे मशीन घ्यायला किती पडेल याचा आकडा, हे दोन कागद पुरतात. दुसरा कागद जास्त चालतो, कारण कायदा ज्याच्या नावाने केला त्यालाच तो खर्चात टाकतो.

राज्य-सनदी बँकेने मुदतवाढीच्या या वर्षात करायची कामे कंटाळवाणी आहेत. प्रोसेसरशी झालेल्या करारात 'कायदा बदलल्यास' हे कलम काढून वाचायचे: बदलाचा खर्च कोणाचा, आणि प्रोसेसरच्या चुकीचा दंड कोण भरणार? बहुतेक छापील करारांत प्रोसेसरची जबाबदारी काही महिन्यांच्या शुल्काएवढी मर्यादित असते; दर व्यवहारामागे १,००० डॉलर त्यात बसत नाहीत. प्रोसेसरकडून इलिनॉयमधल्या दुकानांपुरता, धंद्याच्या कोडनुसार उलाढालीचा अहवाल मागवायचा, म्हणजे ६ टक्क्यांच्या अंदाजाऐवजी खरा आकडा हाती येईल. कागदी दाव्यांसाठी एकच पत्ता, एकच फॉर्म आणि आल्याची तारीख टाकणारे एकच रजिस्टर ठेवायचे. दावा कोणत्या शाखेच्या टेबलावर आठ दिवस पडून होता हे बँकेला कळत नाही. ३० दिवस मात्र मोजले जात असतात. माहिती कुठे कुठे जाते याची यादी करायची: रिवॉर्ड चालवणारी कंपनी, ॲप, मार्केटिंगची छपाई. ही यादी करताना अर्ध्या बँकांना पहिल्यांदाच कळते की आपली माहिती कोणाकोणाकडे आहे.

सनद बदलून नॅशनल बँक व्हावे, हा विचार संचालकांच्या टेबलावर येतोच. होता येते. पण मग राज्याच्या नियामकाऐवजी ओसीसीची तपासणी, तिचे वार्षिक शुल्क, नवे अर्ज, नावातला बदल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षाला ८६,४०० डॉलर वाचवायला एका अंतरिम हुकुमावर विसंबणे. हुकूम अंतरिम आहे हे विसरून सनद बदलणे म्हणजे पावसाची एक सर पाहून घर विकणे.

आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. तो निर्णय केंद्राचा, देशभर एकच, आणि बँकांना काही भरपाई केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून मिळत आली आहे. इलिनॉयने शुल्क रकमेच्या एका तुकड्यावर, एका राज्यात आणि भरपाईशिवाय बंद केले. यंत्राला शून्य समजते. 'शंभरावर हो, तीसवर नाही, आणि बँक आयोवाची असेल तर दोन्हीवर हो' हे शिकवावे लागते.

शिकवण्याचे वेळापत्रक नेटवर्कचे असते. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपल्या प्रणालीतले मोठे बदल वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये उतरवतात आणि त्यांचे तपशील काही महिने आधी बँकांना कळवतात. १ जुलै २०२६ ला जे चालायला हवे ते एप्रिल २०२६ च्या बदलात असायला हवे, म्हणजे त्याचा आराखडा २०२५ च्या शरद ऋतूत कागदावर हवा. मुदतवाढ बारा महिन्यांची दिसते. प्रोसेसरला पत्र लिहायला त्यातले चारच महिने हातात असतात.